बाल्कनीतली खुशाली

"माणसाची खुशाली माणसाला विचारावी गं, यंत्राला नाही," असं आई म्हणाली, तेव्हा मी हसले होते. बोलणं फोनवर चाललं होतं, त्यामुळे तोंड बाजूला करून हसता आलं.

साध्या, टिकाऊ तंत्रज्ञानावर आम्ही इंटरनेटवर एक मासिक चालवतो. पायडलवर फिरणारी चक्की, गॅस बंद करून गोधड्यांच्या पेटीत शिजणारं जेवण, असले आमचे विषय. नुसतं लिहून काय उपयोग, म्हणून मासिक ज्या डब्याएवढ्या कॉम्प्युटरवर राहतं, तो आमच्या बाल्कनीत सोलर पॅनलवर चालतो. पानाच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र असतं. भरलेली असली की हिरवं, उतरली की लाल, आणि पार संपली की मासिकच झोपतं. वाचकांना याचं फार कौतुक. नवऱ्याला नाही, कारण पॅनल पुसायचं काम त्याच्याकडे आहे.

बाळ झालं आणि आईचे फोन वाढले. बाळ झोपलं की फोन वाजायचा, फोन वाजला की बाळ उठायचं. शेवटी मी तोडगा काढला.

"आई, फोन करत जाऊ नकोस. आमचं पान उघड. उघडलं की समज, आम्ही मजेत. हिरवं दिसलं तर फारच मजेत."

"आणि नाही उघडलं तर?"

"उघडेल. मी बसवलंय ते."

मग एका सकाळी छोटीने दुपटी, चादर आणि रजई एका दमात भिजवली. दोऱ्या भरल्या, रजई उरली. ओली रजई म्हणजे सर्दी, सर्दी म्हणजे छाती, छाती म्हणजे दवाखाना. माझं डोकं या मार्गावर मधल्या एकाही स्टेशनवर थांबत नाही. घरात सगळ्यात कडक ऊन कुठे पडतं, ते मीच मोजमाप करून ठरवलं होतं. तिथे रजई पसरली, फोन मुका केला आणि छोटीशेजारी आडवी झाले.

जाग आली तेव्हा आईच्या शेजारच्या काकूंचा फोन थरथरत होता.

"अगं, आहेस ना? तुझी आई तिकडे यायला निघाली. माझ्या चपला घालून गेली. घरात झालंय तरी काय?"

"कुठे काय? काय म्हणाली ती?"

"म्हणाली, आधी हिरवे होते, मग लाल झाले, मग गेलेच."

"कोण गेले?"

"ते तू सांगायचंस. जावयाला फोन केला तर म्हणे 'मीटिंगमध्ये आहे' असं लिहून आलं. तोंडातून शब्द फुटेना म्हणून बिचाऱ्याने लिहून पाठवलं, असं ती म्हणाली. आणि हे बघ, तिची बीपीची गोळी इथे टेबलावरच राहिली आहे."

मी आईला फोन लावला. बंद. आमचं पान उघडून बघण्यात तिची बॅटरीसुद्धा उतरली होती. आता माझं डोकं निघालं: बस, गर्दी, चक्कर, दवाखाना. नवऱ्याला दुकानातून तीच गोळी घेऊन यायला सांगितलं आणि छोटीला कडेवर घेऊन बाल्कनीत उभी राहिले. प्रत्येक बस थांबली की मी वाकून उतरणारे चेहरे बघत होते. छोटी मजेत रजईचं टोक चघळत होती.

आई आली. मोठ्या मापाच्या चपला फटफटत जिना चढली. दारातच छोटीच्या पोटाला हात लावला, माझ्या कपाळाला लावला आणि सरळ बाल्कनीत गेली.

"हे काय?"

"रजई."

"आणि खाली?"

"पॅनल."

"एवढं शिकलीस," आई म्हणाली. तिने रजई उचलून कठड्यावर टाकली, नवऱ्याने आणलेली गोळी घेतली आणि माझ्या फोनमध्ये पान उघडेपर्यंत पाण्याचा ग्लास हातात धरून बसली. "हं. आता मजेत आहात," असं म्हणून संध्याकाळच्या बसने गेलीसुद्धा.

तेव्हापासून मी नवीन पद्धत बसवली आहे. पान कोणी उघडलं, हे आमच्या डब्यात दिसतं. रोज उजाडताच पहिली वाचक ती असते. ती दिसली की मी चहा ठेवते. फोनची गरजच नाही.

आज ऊन लख्ख आहे, बॅटरी हिरवीगार आहे आणि पहिली वाचक अजून आलेली नाही. तिचा फोन बंद आहे, काकू गावाला गेल्यात. चार्जिंगला लावायला विसरली असणार. नक्कीच विसरली असणार.

तरी तुमच्यापैकी कोणी तिच्या गल्लीत राहत असेल, तर जरा डोकावून या. हिरवं फाटक, दारात मापापेक्षा मोठ्या चपला. काही उघडून बघू नका. स्वतः जा, आणि हाक मारा.