राजकक्षातला बटलर

माणसाला सुख किती मिळाले यापेक्षा ते किती आदराने काढून घेतले, यावर त्याचे समाधान अवलंबून असते. हे सत्य ज्यांना पटत नाही त्यांनी पाणीपुरवठा खात्यात नोकरी केलेली नाही. साहेबांनी केली होती. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शहराचे पाणी असंख्य वेळा बंद केले आणि प्रत्येक वेळी ते नागरिकांच्या सोयीसाठी केले. त्यांनी लिहिलेली सूचना वाचून कोरड्या नळाखाली बादली धरलेला माणूससुद्धा क्षणभर उपकृत झाल्यासारखा दिसे (असे साहेबांचे मत होते, बादलीवाल्यांची मते खात्याने मागवली नव्हती).

असा माणूस दरवर्षी एकाच जहाजाने आणि एकाच वर्गाने सहलीला का जातो, हे त्यामुळे वेगळे सांगायला नको. जहाज मोठे होते. खालच्या मजल्यांवर साध्या केबिन होत्या. तिथे पलंगावर बसले की गुडघे भिंतीला टेकत. सगळ्यांत वर, जिथे जायला लिफ्टमध्ये वेगळी किल्ली फिरवावी लागते, तिथे राजकक्ष होते. राजकक्षाला दोन खोल्या, बाल्कनी आणि सुविधा असत. त्यांपैकी खोल्या आणि बाल्कनी अद्याप शाबूत आहेत.

पहिल्या वर्षी साहेब आणि बाई (साहेबांच्या पत्नी, शाळेत शिकवायच्या, म्हणून घरातही सगळे बाईच म्हणत) राजकक्षात शिरले तेव्हा टेबलावर फळांची परडी होती, फुलांचा गुच्छ होता, अंघोळीनंतर घालायचे दोन मऊ झगे होते, उशीवर चॉकलेट, पलंगावर टॉवेलचा घडी घालून केलेला हंस आणि दारात बटलर. पुढल्या वर्षी परडीची बशी झाली, 'फळांचा आस्वाद नेमकेपणाने घेता यावा म्हणून'. मग बशीत एकच सफरचंद आले. मग सफरचंदाचे सुंदर छायाचित्र आले आणि त्याखाली सफरचंदे कोणत्या मजल्यावर विकत मिळतात ते छापलेले. फुलांना शिंका येणाऱ्या प्रवाशांच्या भावनांचा आदर म्हणून गुच्छ गेला. दांपत्यातील जवळीक वाढावी म्हणून दोन झग्यांचा एक झाला. हंसाचे बदक, बदकाचा ससा, सशाचे कासव असे होत होत शेवटी टॉवेलला 'मुक्त आकार' देण्यात आला, म्हणजे तो पलंगावर नुसता पडलेला असे. या सर्व सुधारणांच्या खर्चापोटी भाडे दरवर्षी थोडेथोडे वाढवावे लागे. ते स्वाभाविकच होते.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," बाई म्हणायच्या.

"पण भाषा बघ," साहेब म्हणायचे. "एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही."

शिवाय बटलर होता. तो सकाळी पांढऱ्या हातमोज्यांनी कॉफी आणी, बूट चकचकीत करी आणि जाताना किंचित वाकत असे. साहेबांपुढे कार्यालयातही पुष्कळ माणसे वाकली होती, पण त्यांना कामे करून घ्यायची असत. हा माणूस विनाकारण वाकत असे. घरी परतल्यावर साहेब वर्षभर त्या वाकण्यावर गुजराण करीत आणि प्रत्येक कौटुंबिक समारंभात त्याचे वर्णन करीत, विशेषतः साडू ऐकण्याच्या अंतरावर असताना.

साडू म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचा फरशांचा व्यापार होता. त्याचे घर साहेबांच्या घरापेक्षा मोठे, गाडी लांब आणि केस अजून काळे होते (कसे, हा आपला विषय नाही). सासुरवाडीच्या नजरेत दोन जावयांची जी न संपणारी स्पर्धा चालते, तिच्यात साहेबांकडे फक्त बटलर उरला होता. एका लग्नाच्या पंगतीत साडू सहज म्हणाला, "दाखवा की एकदा तुमचा बटलर." साहेबांच्या तोंडून निघून गेले, "चला यंदा." त्याने तिथल्या तिथे शेजारचा राजकक्ष घेतला. दोन्ही राजकक्षांच्या मध्ये एक दारही होते.

यंदा जहाजावर पाऊल ठेवून साहेब खोलीत आले तेव्हा टेबलावर सूचना होती: 'आपल्या एकांताचा सन्मान राखण्यासाठी बटलरसेवा अदृश्य करण्यात आली आहे. सेवेची सर्व साधने बाहेरच्या कपाटात आपल्या हाताशी ठेवली आहेत. आपला प्रवास सुखाचा होवो.'

साहेबांनी ती दोनदा वाचली. आपल्या उभ्या नोकरीत आपल्याला 'अदृश्य' हा शब्द सुचला नाही, याचे त्यांना प्रथम वाईट वाटले. मग ते खुर्चीत बसले. साडू आणि धाकटी अजून खाली डेकवर फोटो काढत होते. साहेब उठले, मधल्या दाराने पलीकडे गेले, तिथल्या टेबलावरची तशीच सूचना उचलून खिशात घातली आणि परत आले.

"सांगून टाका ना सरळ," बाई म्हणाल्या. "बटलर काढला म्हणून कुणी फाशी देत नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकाल हो. सकाळची कॉफी कोण नेणार?"

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब ट्रे घेऊन निघाले तेव्हा मिळाले. ट्रे साडूच्या दाराशी ठेवायचा, टकटक करायची आणि साडू कडी काढेपर्यंत आपल्या खोलीत पोचायचे, अशी ती कार्यपद्धती होती. ती गुडघ्यांना मंजूर नव्हती, पण गुडघ्यांची मते मागवण्यात आली नाहीत. साडू मंडळी नाश्त्याला खाली गेली की साहेब मधल्या दाराने आत जाऊन पलंग आवरीत. बाई खुर्चीत बसून देखरेख करीत.

"कोपरा आत घाला. तो नव्हे, तो उशीचा आहे."

"हे दिसतं तेवढं सोपं नाही," साहेब म्हणाले.

"मला वाटायचं सोपं असेल. घरी कधी तुम्ही चादरीला हात लावला नाहीत, म्हणून म्हटलं."

"घरी साडू राहत नाही," साहेब म्हणाले. बाईंनी हे उत्तर पुढे उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवले.

चॉकलेटे साहेब जहाजावरच्या दुकानातून आणत. हंसाची घडी त्यांनी आठवून आठवून बसवली. पहिला हंस बसल्या जागी कलंडला आणि दुसऱ्याला मान धरेना. तिसरा बराचसा हंसासारखा होता, निदान कोंबडी म्हणून तरी कोणी हिणवले नसते.

नाश्त्याच्या टेबलावर साडू मात्र गप्प बसणारा नव्हता. "बटलर दिसत कसा नाही हो?" त्याने विचारले. खरी चाकरी दिसत नसते, असे साहेबांनी गंभीरपणे सांगितले. साडूने मान डोलावली. मग तो म्हणाला की आजची कॉफी कोमट होती. पुढल्या दिवशी म्हणाला, बटलर जरा वयस्कर असावा, दारापासून पळताना धापा टाकल्याचा आवाज येतो.

"माणसं कमी केलीत," साहेब कंबर चोळीत म्हणाले. "बिचारा एकटा किती करणार."

"खरं आहे. कदर केली पाहिजे," साडू म्हणाला. दुसऱ्या दिवशी पलंग आवरताना उशीखाली बक्षिसी सापडली. पगाराव्यतिरिक्त एक पैसाही न घेतलेल्या माणसाने (हे त्यांचेच निवेदन आहे, खात्याकडे तशी नोंद नाही) ती बराच वेळ हातात धरली. मग 'मनापासून केलं की दिसतंच' असे पुटपुटत ती खिशात घातली. बाईंनी समुद्राकडे तोंड फिरवले, आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

पुढे कंबरेने असहकार पुकारला. तेव्हा साहेबांना आपली खरी विद्या आठवली. साडूच्या उशीवर सुबक अक्षरातली सूचना आली: 'आपल्या दातांच्या दीर्घायुष्यासाठी चॉकलेट थांबवण्यात येत आहे.' मग हंसाला विश्रांती देण्यात आली, 'पाहुण्यांच्या कल्पनाशक्तीला वाव मिळावा म्हणून'. मग सकाळची झोप अखंड मिळावी यासाठी कॉफी पाहुण्यांच्या इच्छेनुसार खाली जाऊन घेण्याची मुभा देण्यात आली. धाकटी या सूचना टेबलावर मोठ्याने वाचून दाखवी. "ताई, किती विचार करतात हो माणसाचा," ती म्हणाली. "आमच्या घरात कुणी एवढं विचारत नाही." साहेबांना एवढी दाद खात्यातही मिळाली नव्हती.

आणि मग निरोपाची संध्याकाळ आली. राजकक्षातल्या सर्व प्रवाशांना वरच्या दालनात सरबताला बोलावले होते (दुसरा पेला घेणाऱ्यांच्या आरोग्याची काळजी म्हणून फक्त पहिलाच दिला जात होता). आतिथ्य प्रमुख म्हणून एक हसतमुख बाई होत्या. त्यांनी मोकळेपणाने मते मांडण्याची विनंती केली. अशी विनंती केली की कोणी मते मांडत नाही, हा सर्व संस्थांचा अनुभव आहे. पण त्या दिवशी एक डॉक्टरीणबाई उठल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे त्यांचे काम, त्यामुळे स्वतः जाग्या राहण्याची सवय होती.

"भाडं राजकक्षाचं घेता आणि बटलर नाही?" त्या म्हणाल्या. "आल्यापासून माझा पलंग मीच आवरतेय. अख्ख्या जहाजावर एक बटलर नाही."

साहेबांच्या शेजारी साडू उभा होता. त्याला कान झाकायला सांगता येत नव्हते. सासुरवाडीचा दिवाणखाना, तिथले हसणारे मेहुणे, पुढच्या प्रत्येक लग्नातली प्रत्येक पंगत साहेबांच्या डोळ्यांपुढून गेली.

साडूने घसा खाकरला. "काय सांगता?" तो म्हणाला. "आमच्याकडे तर रोज येत होता."

दालनातले सगळे चेहरे त्याच्याकडे वळले. पुलांची कंत्राटे घेणारे एक गृहस्थ कोपऱ्यात उभे होते. आपल्याला जे मिळाले नाही ते दुसऱ्याला मिळाले, असे चारचौघांत कबूल करायचे की काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकला नाही.

"आमच्याकडेही यायचा," ते म्हणाले. "उंच होता."

"हो, उंच," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, नवऱ्याकडे पाहत.

"आमचा बुटका, पण हात स्वच्छ," खिडकीजवळून कोणीतरी म्हणाले. एका जोडप्याकडे दोन येत असत, सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. एका आजोबांना बटलरने तर पडदे ओढून गोष्टही सांगितली होती. थोड्याच वेळात राजकक्ष कमी आणि बटलर जास्त अशी स्थिती झाली. डॉक्टरीणबाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी चहूकडे पाहिले.

"मी पलंगाबद्दल बोलत होते," त्या म्हणाल्या. "मला आवरायची आवडच आहे. बटलरबद्दल तक्रार नाही. जरा जास्तच आत-बाहेर करायचा, एवढंच."

आतिथ्य प्रमुखांनी हे सर्व टिपून घेतले. बटलर काढून टाकण्याच्या आदेशावर सही त्यांचीच होती. पण शेवटी शेवटी त्यांनीही सहायकाला बाजूला घेऊन, चुकून कोणी राहिला होता का, असे हळूच विचारले. मग त्यांनी जाहीर केले की प्रवाशांच्या एकमुखी समाधानाची दखल घेऊन पुढील वर्षी अदृश्य बटलरांची संख्या दुप्पट करण्यात येईल आणि भाड्यात त्याचे यथोचित प्रतिबिंब पडेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात साहेबांचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

खोल्यांकडे परतताना साडूने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"साडूभाऊ, कॉफी मात्र बंद होईपर्यंत कोमटच."

साहेब जागीच थांबले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. लिफ्टमध्ये आतून चिकटवलीय ती सूचना. तुम्ही बहुतेक आरशात बघत होतात."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? अख्ख्या बाजाराला सांगून आलोय, बटलरवाल्या खोलीत राहणार म्हणून. पुरावा नको?" साडूने फोन काढून फोटो दाखवला. पळत्या बटलरचा होता, पाठमोरा. "डोक्यावरचं टक्कल तेवढं पुसून घेतो."

साहेबांनी फोटो पाहिला. पाठीतून ते बरेच रुबाबदार दिसत होते. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना साडू आपला वाटला. जगात निदान एक माणूस असा होता, ज्याच्यापुढे आता काही लपवायचे उरले नव्हते आणि जो कोणाला काही सांगणार नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले. दोघे तसेच तरातरा आरक्षणाच्या काउंटरवर गेले आणि नव्या भाड्याने पुढच्या वर्षाचे शेजारचे राजकक्ष घेऊन आले. बटलर पाळीपाळीने व्हायचे ठरले.

ही हकिकत आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी वाचली, त्या सर्व जाणकारांनी तिच्यात अत्यंत उच्च दर्जाचा विनोद असल्याचे कळवले आहे. एकानेही तो दिसला नाही असे म्हटलेले नाही. तेव्हा तुम्हालाही दिसला असेलच. मोकळेपणाने मत मांडा.