संतप्तरावांच्या माळ्यावरची हवा

मिस्त्रीला बोलवायचं नाही, हे संतप्तरावांनी रविवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. माणसाने दाढी करताना निर्णय घेऊ नयेत. आरशात समोर एकच माणूस असतो आणि त्याला आपलं सगळं पटत असतं.

संतप्तराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, ते ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं. वर्तमानपत्रांना, नगरपालिकेला, बसडेपोला, एकदा तर बिस्किटांच्या कारखान्याला (पुड्यावरच्या चित्रात अकरा बिस्किटं, आत दहा!) ते तक्रारीची पत्रं पाठवायचे आणि खाली सही असायची, 'एक संतप्त नागरिक'. प्रत्येक पत्राची कार्बन घालून एक प्रत घरी ठेवायची, हा नेम वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. पत्रांना उत्तरं येत नसत. मग ते आणखी संतापत आणि उत्तर न आल्याबद्दल वेगळं पत्र लिहीत.

पण या वेळचा संताप मात्र तुम्हाआम्हालाही पटावा असा होता. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, कौलारू, पन्नास वर्षांचं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जिना चढून वर गेलं की एक खोली, तिला लाकडी फळ्यांचं छत, आणि त्या फळ्यांच्या वर, कौलांच्या खाली, माळा. वरची खोली लेकीला अभ्यासाला दिली होती आणि ती तापत होती. किती तापत होती? लेकीने कपाटातली मेणबत्ती आणून दाखवली, ती कमरेत वाकलेली होती. ताप बघायचं थर्मामीटर तिने टेबलावर नुसतं ठेवलं, तर पारा एकशे दोनवर.

"बाबा, टेबलाला ताप आलाय," ती म्हणाली, "आणि माझी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

यावर बायकोने जे म्हटलं ते संतप्तरावांच्या काळजात रुतलं. तिचा थोरला भाऊ एका नव्या इमारतीतला फ्लॅट दाखवून गेला होता, पाचवा मजला, तिन्ही खोल्यांत वारा. त्याला पुढच्या रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"हे बघा," बायको म्हणाली, "वरची खोली आठ दिवसांत बसण्यासारखी झाली तर माझं काही म्हणणं नाही. नाही झाली तर मी दादाला हो म्हणून सांगणार. जुनं घर ते जुनंच. आता त्याच्यात राम नाही राहिला."

राम नाही! ज्या घराच्या पायऱ्या वडिलांनी स्वतः उभं राहून घालून घेतल्या, ज्या उंबऱ्याला अडखळून संतप्तरावांचे पुढचे दोन दात पडले (दुधाचे होते, पण दात ते दातच), त्या घरात राम नाही? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरावर खोटा आळ आला होता आणि तो पुसून काढायला घराचं असं त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तो मिस्त्री येणार, मान वर करून छताकडे बघणार, 'च् च्' करणार आणि जुन्या घराचं असंच असतं म्हणणार. घराचा आणखी एक पाणउतारा! नकोच तो.

"गरम हवा वर जाते," त्यांनी जाहीर केलं. "वर जाते म्हणजे माळ्यावर साठते. तिला बाहेर काढली की झालं. यात मिस्त्री कशाला हवा?"

"मग काढा," बायको म्हणाली.

संध्याकाळी ते पंख्यांच्या दुकानात गेले. हवा बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे एक्झॉस्ट फॅन, मागितला. दुकानदार शांत स्वभावाचा होता. (ग्राहकाला सगळ्यात जास्त राग याच स्वभावाचा येतो.)

"माळ्यासाठी का? मग आत हवा कुठून येते?"

"अहो, मी हवा बाहेर घालवायला आलोय. आत आणायची असती तर खिडकी नसती का उघडली?"

"तसं नव्हे. एकीकडून आत आली तर दुसरीकडून..."

"तुम्हाला पंखा विकायचा आहे की माझी परीक्षा घ्यायची आहे?"

दुकानदाराने दुकानातला सगळ्यात मोठा पंखा काढून दिला. तो मुळात कारखान्याच्या भट्टीसाठी बनवलेला होता.

मंगळवारी वायरमन आला. माळ्याच्या त्रिकोणी भिंतीत अगदी शेंड्याला एक झरोका होता, त्यात त्याने तो पंखा बसवला. उतरताना त्यानेही तेच विचारलं, "साहेब, खाली वळचणीला भोकं दिसत नाहीत कुठे. हवा आत येणार कुठून?" आता मात्र हद्द झाली. गावात सगळ्यांनी मिळून हाच प्रश्न विचारायचं ठरवलंय की काय, असं संतप्तरावांना वाटलं.

"बटण दाबा," ते म्हणाले.

बटण दाबलं. विमान उडावं तसा आवाज झाला. खालची दोन दारं आपोआप धाडकन आपटली, खिडकीचे पडदे आत ओढले गेले, आणि स्वयंपाकघरात बायको कढईत मासे तळत होती, त्याचा धूर शहाण्यासारखा एका रांगेत जिन्याने वर गेला. पाचच मिनिटांत लेक डोळे पुसत, खोकत खाली आली.

"बाबा, वर आता गरम तर आहेच, शिवाय मासे पण आहेत."

आता बघा, माळ्यावर हवा यायला दुसरी वाट नव्हती, म्हणून पंखा छताच्या फळ्यांमधल्या फटींतून घरातलीच हवा ओढत होता. हे लेकीला कळलं, बायकोला कळलं, वायरमनला तर आधीपासूनच कळलं होतं. संतप्तरावांना फक्त एवढंच कळलं की पंख्याने दगा दिला. पुढचे तीन दिवस वरच्या खोलीत दुपारी मासे नाहीतर कांदा, संध्याकाळी उतू गेलेलं दूध आणि सकाळी संतप्तरावांच्याच दाढीच्या साबणाचा वास येत राहिला. लेक वह्या घेऊन खाली आली आणि त्यांच्या खुर्चीत ठाण मांडून बसली. बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारभोवती लाल पेनाने गोल केला.

शुक्रवारी रात्री त्यांनी पंख्याच्या कंपनीला तक्रार लिहिली. शनिवारी सकाळी मात्र त्यांना एकदम साक्षात्कार झाला. पंखा उलटा बसलाय! त्याचं तोंडच चुकीच्या बाजूला! दुकानदार, वायरमन, सगळे 'हवा आत, हवा आत' करत होते ना? घ्या मग, हवा आत!

"साहेब, फिरवतो, पण वर बरीच धूळ आहे," पुन्हा बोलावलेला वायरमन म्हणाला. "एकदा झाडून घेतलं तर..."

"आमच्या माळ्यावर धूळ नाही. मी स्वतः बघितलंय."

"कधी?"

"बघितलंय ना!" (बारा वर्षं झाली होती.)

वायरमनने पंखा फिरवून बसवला आणि नेमका त्याच वेळी मेहुणा दारात आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात फ्लॅटची किल्ली. रविवारपर्यंत थांबायचा त्याला धीर नव्हता.

"भावोजी, म्हटलं वरची खोली आपणही बघून घ्यावी. मग उद्या निर्णय घ्यायला बरं."

"या, या! अगदी वेळेवर आलात," संतप्तराव म्हणाले. "आता बघा जुन्या घराची ऐट!"

मेहुण्याला खोलीच्या मधोमध उभं केलं, छताकडे बघायला सांगितलं, आणि खाली हाक दिली, "दाबा बटण!"

पन्नास वर्षांत माळ्यावर जे जे साठलं होतं ते सगळं फळ्यांच्या फटींतून खाली आलं. धूळ आली, काजळी आली, कौलांचा भुगा आला, पारव्यांची पिसं आली. लेक वर राहिलेली पुस्तकं उचलायला धावली आणि दारातच थबकली. खोलीच्या मधोमध कोणीतरी शिंकत होतं. धूळ बसली तेव्हा तो मेहुणा निघाला. त्याच्या कपड्यांवर एवढीशीही पांढरी जागा राहिली नव्हती.

"भावोजी," तो जेमतेम म्हणाला, "निर्णय झाला असं समजू ना?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि फोन उचलून मिस्त्रीला बोलावलं. संतप्तराव विरोध करणार होते, पण नेमकी त्यांनाही शिंक आली.

मिस्त्री दुपारी आला. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल. त्याने छताकडे बघून 'च् च्' केलं नाही, पंख्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. टॉर्च घेऊन तो माळ्यावर चढला आणि वळचणीच्या कडेकडेने, जिथे कौलं भिंतीवर टेकतात तिथे, हात फिरवत निघाला. थोड्या वेळाने वरून कागद ओढल्याचा आवाज यायला लागला. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर गच्च भरलेलं पोतं होतं.

"घर कोणी बांधलं?" त्याने विचारलं.

"माझ्या वडिलांनी," संतप्तराव म्हणाले. भांडणाची सगळी तयारी त्यांनी करून ठेवली होती.

"जाणता माणूस. वळचणीला हाताहाताच्या अंतरावर भोकं ठेवलीत. तिथून गार हवा आत येणार, वरच्या झरोक्यातून गरम बाहेर जाणार. पंखा कशाला हवा? या घराला काही होत नाही, आणखी पन्नास वर्षं ठणठणीत राहील. पण कुणा शहाण्याने सगळी भोकं कागद कोंबून बुजवलीत. कागद सगळे कार्बनच्या प्रतींचे. साहेब, तुम्ही ऑफिसात कुठल्या टेबलावर?"

"आवक-जावक. का?"

मिस्त्रीने बायकोकडे बघितलं, बायकोने मिस्त्रीकडे. "काही नाही, सहज," तो म्हणाला.

"हे कागद पूर्वीच्या भाडेकरूंनी कोंबले असणार," संतप्तराव गरजले. "लोकांना दुसऱ्याच्या घराची कदरच नसते!"

"या घरात भाडेकरू कधी नव्हते," बायको म्हणाली.

"मग गवंड्याने! वडील किती भोळे होते, त्यांना फसवलं असेल!"

मेहुण्याने पोत्यातून एक बोळा काढला, झटकला, उलगडला. कार्बनची निळी अक्षरं अजून शाबूत होती. खाकरून त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'माननीय मुख्याधिकारी यांस. महोदय, आमच्या शेजाऱ्यांनी कुंपणाची भिंत वीतभर वाढवून आमची हवा अडवली आहे. हवा ही सर्वांची आहे. हवा अडवणारा इसम कोणीही असो, त्याची गय करू नये. त्याला जाहीर समज द्यावी. कळावे, एक संतप्त नागरिक.'"

एका क्षणात संतप्तरावांना सगळं आठवलं. वळचणीतून पारवे आत यायचे. त्याबद्दल नगरपालिकेला सात पत्रं लिहिली होती आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं. शेवटी वैतागून, पत्रांच्या प्रती तरी कामी येऊ देत म्हणून, एका दुपारी त्यांनी स्वतः शिडीवर चढून...

"पारव्यांची चूक आहे ती," ते म्हणाले.

मिस्त्रीने वळचणीच्या भोकांना तारेची जाळी ठोकून दिली, पारव्यांना बंद आणि वाऱ्याला खुली. पंखा काढून झरोका मोकळा केला. संध्याकाळपर्यंत लेकीने वरची खोली पुसून घेतली, थर्मामीटर टेबलावर ठेवलं, आणि पारा वर सरकेना म्हणून दोनदा झटकून बघितलं. खिडकीत वाऱ्याने वहीचं पान फडफडत होतं. संतप्तराव खोलीच्या मधोमध उभे राहिले. त्यांचा ऊर भरून आला. घर वाचलं होतं, वडिलांचं नाव राहिलं होतं. आळ खोटा निघाला होता, आणि आता बायकोने आपण होऊन तसं कबूल करावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. गैर होती का?

रविवारी सकाळी बायकोने भावाला फोन लावला. संतप्तराव वर्तमानपत्र पुढे धरून, एकही अक्षर न वाचता, ऐकत बसले.

"दादा, फ्लॅट नको रे आम्हाला. हो, अगदी नक्की. घर उत्तम आहे, घरात काहीच दोष नव्हता." संतप्तरावांची मान ताठ झाली. "हो ना, बिघाड सापडला... छे रे, तो कसा काढून टाकणार? घराबरोबरच मिळालाय मला."