म्हात्रे काका आणि तीनशेची लेन्स

म्हात्रे काकांच्या पिशवीत नळाच्या पाइपाचे तीन तुकडे असतात. प्रत्येकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आत वाळू भरलेली, दोन्ही तोंडांना बूच. एक अर्ध्या किलोचा, एक सव्वा किलोचा आणि एक चांगला दोन किलोचा. सकाळी चिखलोलीच्या आमच्या चाळीसमोर उभे राहून काका एकेक पाइप डोळ्याला लावतात आणि हात हलतोय का ते बघतात. नवीन भाडेकरू हमखास विचारतो, "काका, आमच्या मोरीचा नळ गळतोय, कधी येता?"

काका प्लंबर नाहीत. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं माल तपासून निवृत्त झाले. त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायला लांबची लेन्स घ्यायची आहे, आणि पाइप ही त्या लेन्सची वजनं. "वस्तू यायच्या आधी हाताला सवय पाहिजे," असं ते म्हणतात. दोन वर्षं झाली, वस्तू काही आली नाही. सवय मात्र अशी झालीय की काका दुधाची पिशवीसुद्धा आधी डोळ्यासमोर धरतात.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहतो. गाव वाशीमकडचं. शाळा आठवीत सुटली, आता जवळच्या सिंधी वस्तीत, कॅम्प दोनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात शिलाई मारतो. इथे आलो त्याच वर्षी मला कावीळ झाली. तेव्हा रोज दुपारी दाराच्या कडीला मऊ भाताचा डबा लटकलेला असायचा. काका दार वाजवायचे, पंधरा पावलं लांब जायचे आणि तिथून ओरडायचे, "ए वाशीम! जेव!" आत एकदाही आले नाहीत. मला वाटायचं, माझ्या काविळीला भितात. तरी त्या भातावर मी उठलो, हे मी विसरणार नाही.

म्हणून लेन्स बघायला मी त्यांच्यासोबत जायचो. मिलिमीटर जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं, एवढं मला आता कळतं. सहाशेची लेन्स म्हणजे राजा, पण काकांच्या पेन्शनीत राजा बसत नाही. वापरलेली तीनशेची बसते, पण ती काकांना पसंत नाही. कॅम्प दोनमधल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात जाऊन ते तीच लेन्स मागायचे, आत टॉर्च मारून काचेला बुरशी धरलीय का बघायचे आणि परत द्यायचे. "घाई नाही. घाईतला माल परत येतो."

सिंधी दुकानदार हात जोडायचा. "साईं, दो साल से टॉर्च मार रहे हो. अब तो लेन्स भी शरमाती है."

या मे महिन्यात मात्र घाई आली. चाळीमागे टॉवरचं काम निघालंय. तिथल्या मातीच्या ढिगाऱ्यात वेड्या राघूंनी बिळं केली. चिमणीएवढा हिरवागार पक्षी, मातीत बोगदा खणून आत अंडी घालतो. शुक्रवारी साइटवरचा सुपरवायझर म्हणाला, सोमवारी जेसीबी येऊन ढिगारा उचलणार.

काका रस्त्यावरूनच ओरडले, "अहो, आत पिल्लं आहेत!"

"काका, उंदरांची बिळं आहेत ती. पिल्लं असतील तर फोटो दाखवा, मी साहेबांशी बोलतो."

काकांकडे मुलानं दिलेला कॅमेरा आहे, पण त्याची लेन्स छोटी. फोटोत ढिगारा आला आणि मधोमध एक हिरवा ठिपका. सुपरवायझरनं निरखून बघितलं. "पान आहे, काका."

शनिवारी मी शेठकडून कशीबशी दोन तासांची सुट्टी घेतली. दुकानात काका पुन्हा तीनशेची हातात धरून म्हणाले, "हिला फार जवळ बसावं लागतं." दुकानदार वैतागला, "आगे जाके बैठो ना साईं! पैर तो मुफ्त का झूम है!"

काकांनी लेन्स ठेवली आणि बाहेर आले. माझाही धीर सुटला. "काका, खरंच, दोन पावलं पुढे जाऊन बसायला काय होतं तुम्हाला?"

"खोकला होतो," काका म्हणाले. "कंपनीचा धूर आहे तो, जात नाही. जवळ बसलो की ढास लागते. पक्षी उडतो, मग तासभर बिळात शिरत नाही. पिल्लं उपाशी राहतात, कोणामुळे? मला लांबूनच पाहिजे, वाशीम."

चाळीतल्या लग्नात काका मांडवाबाहेर खुर्ची का टाकतात, ते मला तेव्हा कळलं. आम्ही सगळे त्याला तोरा म्हणायचो. कडीला डबा लावून ते लांब का जायचे, तेही कळलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बसतो पुढे." खरं तर मी आयुष्यात कॅमेरा धरला नव्हता.

काका आत गेले आणि तीनशेची घेऊन टाकली. दुकानदारच घाबरला. "साईं, तबियत ठीक है ना? टॉर्च तो मारो!"

रविवारी उजाडताच मी विटांच्या चवडीमागे पालथा पडलो. कॅमेरा पडला तर? पक्षी आलाच नाही तर? काका पार रस्त्यापलीकडे, तोंडावर पंचा धरून हातवारे करत होते. कोपर टेकव. श्वास सोड. मग दाब. मी दोनशेएक वेळा दाबलं. बहुतेक फोटोंत नुसती माझी थरथर आली. एकात मात्र राघू चोचीत चतुर धरून बिळाच्या तोंडाशी बसलेला, आणि आतून वासलेली एक इवली चोच.

सुपरवायझरनं फोटो मोठा करून बघितला. "च्यायला, चोच आहे की!" त्यानं फोन लावला, बराच वेळ अजीजीनं बोलला. मग ढिगाऱ्याभोवती दोरी बांधायला लावली. पंधरा दिवस पलीकडून खणणार म्हणाला.

मी धावत काकांकडे गेलो. त्यांनी फोटो बघितला, मान हलवली, आणि हळूच विचारलं, "आवाज कसा असतो रे पिल्लांचा? इथवर येत नाही."

मी परत ढिगाऱ्याशी गेलो. मी काकांना फोन लावला, त्यांनी उचलल्यावर माझा फोन बिळाजवळच्या विटेवर ठेवला आणि मागे सरकलो. राघू आला, आत शिरला, आत एकच कालवा उठला. रस्त्यापलीकडे काका एका हातानं फोन कानाशी धरून उभे होते, दुसऱ्या हातानं पंचा तोंडावर गच्च दाबलेला. दोनदा ढास लागून त्यांचे खांदे जोरात हलले. पिल्लं ओरडतच राहिली.