सोसायटीचा बंब आणि काळोखे तात्या

आमच्या सोसायटीतले काळोखे तात्या स्वेटरला स्वेटर म्हणत नाहीत, ‘आजारपण’ म्हणतात. डिसेंबरात मी कंपनीची बस पकडायला सकाळी खाली उतरले की पार्किंगमधून आवाज येतो, “काय शेक्रेटरीबाई, आजारपण घालून कुठं निघाला?” नुसता स्वेटर असेल तर साधं आजारपण. वर मफलर असेल तर ‘जुनं दुखणं’. माकडटोपी म्हणजे सरळ ‘आयसीयू’. माझ्या नवऱ्याने एकदा हौसेने गुडघ्यापर्यंतचं जाकीट घेतलं, तर तात्यांनी त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि मला विचारलं, “नातेवाइकांना कळवलं का?”

तात्या मूळचे मावळातले. पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर, उभी हयात काढली आणि निवृत्त झाले. आमची पिंपळे गुरवची सोसायटी अशाच कारखान्यांतल्या लोकांनी एकत्र येऊन बांधलेली. त्यामुळे जुने सभासद सगळे पेन्शनर, आणि नंतर फ्लॅट घेतलेले आयटीतले किंवा माझ्यासारखे चाकणला जाणारे. मी सुट्या भागांच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळते. सोसायटीची सेक्रेटरीही आहे, कारण त्या वर्षी निवडीच्या वेळी मी चहा आणायला आत गेले होते.

तात्यांचं तत्त्वज्ञान एका ओळीचं आहे. “ऊब अंगात पायजे, अंगावर न्हाई.” हे सिद्ध करायला ते ऐन थंडीत, उजाडता उजाडता, गाड्या धुवायच्या नळाखाली उघड्यावर अंघोळ करतात. नदी जवळ असल्यामुळे आमच्याकडे थंडी जरा जास्तच झोंबते. पहिला तांब्या अंगावर पडताना कोणाच्याही तोंडून काहीतरी निघतंच. तात्यांच्या तोंडून त्यांच्या जुन्या साहेबांची नावं निघतात. “हा घ्या, प्रोडक्शन म्यानेजर!” तांब्या. “हा तुमाला, टाइम हापिस!” तांब्या. शेवटची अख्खी बादली एका सुपरवायझरसाठी राखीव असते. त्याने तात्यांची कधीतरी रजा नामंजूर केली होती. त्याचं नाव सोसायटीतल्या शाळकरी पोरांनासुद्धा पाठ आहे.

अंघोळ झाली की तात्या बनियनवर बंबाकडे जातात.

हा बंब म्हणजे आमच्या सोसायटीची खरी मिळकत. लिफ्टपेक्षा तो जास्त चालतो. आमच्याच एका निवृत्त वेल्डरने बनवलेला, चांगला पुरुषभर उंचीचा. सोसायटी स्थापन झाली तेव्हापासूनची प्रथा अशी, की दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत रोज सकाळी पंपाच्या खोलीशेजारी बंब पेटतो आणि साठीच्या पुढच्या प्रत्येकाला दोन बादल्या गरम पाणी मिळतं. लाकूड सोसायटी आणते. चाकणच्या कंपन्यांमध्ये माल ज्या लाकडी पेट्यांतून येतो, त्या मोडून टेम्पोने इकडे येतात. बहुतेकांच्या घरी गीझर आहे. पण कारखान्याच्या पेन्शनीवर विजेचं बिल भरणाऱ्या माणसाला गीझरचं बटण दाबताना छातीत धडधडतं.

बंब वॉचमन पेटवतो, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात तात्या त्याच्या हातातून काडेपेटी काढून घेतात. “तू गेट बघ. हे तुझं काम न्हाई.” मग पेट्यांच्या फळ्या फोडणं, खिळे उपटणं आणि फळ्यांवर छापलेली देशांची नावं वाचणं. तात्यांच्या मते लाकडाचा स्वभाव देशावर असतो. “हे जर्मनीचं. लई शिस्तीचं जळतंय. हे चीनचं, बघता बघता संपतंय. आन हे कोरियाचं हाय, धूर लई करतंय, कामाला कमी.” कोणाचं पाणी कोणत्या देशावर तापवायचं हेही तेच ठरवतात. गुंजाळ मावशींचे सांधे धरतात, त्यामुळे त्यांना कायम जर्मनी.

आणि हे सगळं करताना रांगेतल्या प्रत्येकाचा उद्धार. “बनसोडे, लाज वाटती का? वायरमन होता ना तू? खांबावर चढायचास! आता बादलीभर गरम पान्यासाठी उभा ऱ्हातो?”

बनसोडे मामा परभणीकडचे. ते शांतपणे बादली पुढे सरकवतात. “तात्या, तुम्ही बोलायलाव तोवर पाणी गार व्हायलंय.”

“समदे मऊ पडले,” तात्या आभाळाला सांगतात. “बंद केला पायजे हा बंब. लाडानं माणूस सडतो.” एवढं बोलून गुंजाळ मावशींच्या दोन्ही बादल्या उचलतात आणि दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवतात. मावशी नको म्हणाल्या, तर म्हणतात, “तुमी पडला तर पडा, पण जिन्याची फरशी फुटंल. ती सोसायटीची हाय.”

स्वतः मात्र गरम पाण्याचा थेंब घेत नाहीत. घेतला असता तर त्यांची गोष्ट सांगण्यासारखी राहिली नसती.

गेल्या वर्षी जानेवारीत तीन-चार दिवस तात्या खाली दिसले नाहीत. मला मेंटेनन्सची नोटीस द्यायची होती, म्हणून मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. तात्या पलंगावर, दोन गोधड्यांच्या खाली, फक्त नाक बाहेर. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं, “उन्हात टाकायच्या ऱ्हायल्या होत्या गोधड्या. म्हनून अंगावर वाळवतोय.”

“आणि शिंका कशाच्या येताहेत?”

“खिडकी उघडी हाय. धूळ येती.”

खिडकी बंद होती. मी स्वयंपाकघरात जाऊन आल्याचा चहा टाकला. टीव्हीवर बातम्यांचं चॅनेल मोठ्या आवाजात लावलेलं होतं आणि चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. मी आवाज कमी करायला गेले, तर गोधडीतून हात बाहेर आला. “असू द्या. घरात कुनीतरी भांडत असलं म्हंजे बरं वाटतं.”

त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली. ती त्यांच्याशी मन लावून भांडायची, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मुलगा मोशीला मोठ्या फ्लॅटमध्ये असतो. चांगला आहे, फोन करतो. तात्या त्याच्याकडे राहायला जात नाहीत, कारण तिथे चोवीस तास गरम पाणी आहे.

यंदा दिवाळीच्या आधी आमचे चेअरमन नीलेश यांनी बंब बंद करण्याचा ठराव मांडला. नीलेश तरुण आहे, आयटीत आहे, आणि माणूस वाईट नाही. फक्त त्याला कोणतीही गोष्ट प्रोजेक्टरने भिंतीवर चित्र पाडल्याशिवाय पटवता येत नाही. धुराने गाड्या काळ्या होतात, लहान मुलं खोकतात, लाकूड महाग झालंय, वॉचमनला गेट सोडून बसावं लागतं. वॉचमनचं सोडलं तर सगळं खरं होतं. ठरावाचा मसुदा मीच लिहिला होता. बंब बंद, त्याऐवजी प्रत्येक ज्येष्ठ सभासदाला सोसायटीतर्फे पाणी तापवायचा एक रॉड. विजेचं बिल ज्याचं त्याने भरायचं.

सभेआधी मी आणि नीलेशने डोकी मोजली. तात्यांचं मत आम्ही न विचारता आमच्या बाजूला धरलं. गेली कित्येक वर्षं हा माणूस रोज सकाळी ‘बंब बंद करा’ म्हणत होता. त्याला काय विचारायचं?

सभा विरंगुळा कक्षात भरली. जुने लोक एका बाजूला, नवे एका बाजूला, आणि तात्या मध्ये, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. नीलेशने चित्रं दाखवली. कुरकुर झाली.

“रॉड तुम्ही द्यायलाव,” बनसोडे मामा म्हणाले. “बिल कोन भरायचं?”

“मामा, जिना चढून बादल्या न्यायचा त्रास तर वाचेल ना?” नीलेश म्हणाला.

त्यावर जुने लोक जरा विचारात पडले. बादल्यांचा त्रास होताच. कोणी गुडघ्यावर हात फिरवला, कोणी म्हणालं, बघू, एक वर्ष करून बघू. प्रकरण सुटल्यासारखं वाटत होतं. मी वहीत ‘एकमताने’ लिहायला पेन टेकवलं, आणि तात्या उठून उभे राहिले.

“हे समदे मऊ पडलेत,” त्यांनी सुरुवात केली. नीलेशचा चेहरा खुलला. “गरम पान्यानं माणूस नासतो. मी पयल्यापास्नं सांगतोय. लाड हायेत हे.” नीलेश मान डोलावत होता. “आन म्हनून,” तात्या म्हणाले, “बंब चालू ऱ्हायला पायजे.”

नीलेशची मान डोलायची थांबली.

“म्हणजे, तात्या?”

“रॉड वाईट. शॉक बसतो.”

“हे नवीन रॉड आहेत, तात्या. आयएसआय मार्कचे.”

“रॉडच्या पान्याला वास येतो.”

“नाही येत.”

“लाईट जाती.”

“इन्व्हर्टर आहे ना बहुतेकांकडे.”

“इन्व्हर्टरवर रॉड चालत न्हाई!”

“बरं, पण लाईट रोज सकाळी कुठे जाते?”

तात्या इकडे तिकडे बघू लागले. “आन ते लाकूड? इतक्या लांबून येतंय बिचारं, जर्मनीवरनं...”

सगळे हसले. नीलेशही हसला आणि अगदी सहज, आदराने म्हणाला, “पण तात्या, तुम्ही तर गरम पाणी घेतच नाही. बंब बंद झाला तर तुमचं काय जातं?”

तात्यांना उत्तर देता आलं नाही, असं मी तोवर कधी पाहिलेलं नव्हतं. लग्नात, मयतीत, पालिकेच्या इंजिनिअरसमोर, कुठेही. त्या दिवशी त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि खाली बसले. “काय न्हाई,” ते म्हणाले. “माझं काय जायाचंय?”



मग गुंजाळ मावशी उठल्या. “मला रॉड नको,” त्या म्हणाल्या. “मला करंटची भीती वाटते.”

मावशींनी आयुष्यभर एका कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग केलं. आमच्या पाण्याच्या पंपाची मोटार जळली की आम्ही आधी त्यांना विचारतो. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

“मावशी, तुम्हाला? करंटची?” नीलेशने विचारलं.

“वय झालं की वाटते.”

बनसोडे मामा गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. ज्या माणसाने भर पावसात खांबावर चढून अख्ख्या पेठेची वीज परत आणली होती, तो माणूस. “मला बी लई भ्या वाटतंय,” ते म्हणाले. “आता काय सांगू साहेब, बटन दाबायलो तरी हात थरथर करायलाय.”

“बनसोडे, खोटं बोलतो लेका!” तात्या बसल्या जागेवरून ओरडले. सवय जात नाही.

“तुम्ही गप बसा तात्या. माझी भीती हाय, तुमची न्हाई.”

त्यानंतर एकेक करून सगळे ज्येष्ठ विजेला घाबरायला लागले. एका काकांच्या स्वप्नात रॉड आला होता. एका जोडप्याला डॉक्टरांनी रॉडपासून लांब राहायला सांगितलं होतं. नीलेश आधी त्यांच्याकडे बघत राहिला, मग तात्यांकडे, आणि मग त्याने भिंतीवरचं चित्र बंद केलं. “सेक्रेटरी मॅडम, तुम्ही काय म्हणता?”

मी म्हटलं, धुराचा प्रश्न खरा आहे. बंब पंपाच्या खोलीच्या मागे हलवू, चिमणी गच्चीच्या वर काढू, शाळेच्या बसच्या वेळेआधी विझवू. आणि वहीत लिहिलं, ‘ज्येष्ठ सभासदांना विजेची भीती वाटत असल्यामुळे बंब चालू ठेवण्याचे ठरले.’ असा ठराव दुसऱ्या कोणत्या सोसायटीत झाला असेल असं वाटत नाही.

दिवाळीला बंब पेटला. नवी चिमणी वाकडी बसली, पण धूर वर जातो. तात्यांनी थंडीभर एकही दिवस खाडा केला नाही, आणि रांगेतल्या एकालाही सोडलं नाही. “काय मावशी, करंट लागला का?” हे एक नवीन वाक्य त्यात वाढलं.

महाशिवरात्र झाली. थंडी शिव शिव म्हणत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बससाठी खाली उतरले तेव्हा बंबाजवळ कोणी नव्हतं. राख झाडून नेलेली होती. अंघोळ केलेले, भांग पाडलेले तात्या पंपाच्या खोलीमागच्या बाकावर एकटेच बसले होते. मला बघून ते उठले नाहीत.

“तात्या, आता दिवाळीलाच,” मी म्हटलं.

“ठाऊक हाय की.”

माझी बस दहा मिनिटांवर होती. मी डबा बाकाच्या कडेला ठेवला. तात्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“तुमी कंपनीतली माणसं,” ते म्हणाले, “दिवसभर नुसती बसून असता. बसून बसून कंबरडी मोडलीत समद्यांची.” आणि बाकावर सरकून त्यांनी मला जागा करून दिली.