अंधारात मागितलेली माफी

शिंप्याची बायको माहेरी जाऊन बसली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि दोष सर्वस्वी शिंप्याचा होता, असं निदान सगळे म्हणत होते. मेव्हण्याच्या लग्नात त्याने नवऱ्या मुलापासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांचे कपडे शिवले. स्वतःच्या बायकोचा ड्रेस तेवढा राहिला. सख्ख्या भावाच्या लग्नात बाई जुन्या ड्रेसला टाचण्या लावून वावरली, जेवताना त्यातली एक टोचली, आणि हात धुऊन ती जी आईकडे गेली ती परतलीच नाही.

उपाय मेव्हण्यानेच सुचवला. "भावजी, ताईला रात्रीच्या बोटीतून फिरवून आणा. समुद्राचं पाणी निळं चमकतं म्हणे. आणि बोटीवर मिट्ट काळोख असतो. तुमचं तोंड दिसलं की ताई भडकते. दिसलंच नाही तर निम्मं काम झालं."

शिंप्याने दोन तिकिटं काढली. बायको यायला तयार झाली, पण आई बरोबर असेल तरच. सासूबाई म्हणजे तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ "अशा निष्काळजी माणसाकडे जाऊ नकोस" असा पाढा म्हणणारी बाई. त्याने मुकाट्याने तिसरं तिकीट काढलं.

बोटवाला कडक होता. "मोबाइल बंद, टॉर्च बंद. पाण्यात बारीक जीव असतात, पाणी ढवळलं की ते चमकतात. कुणी उजेड केलात तर काही दिसायचं नाही, मग मला बोलू नका."

शिंपी कडेला बसला, शेजारी बायको, आणि पुढे टोकाला सासूबाई. बोट धडधडत निघाली आणि शिंप्याच्या पोटातलं सगळं गळ्याशी आलं. त्याने बाहेर मान काढली ती बराच वेळ आत घेतलीच नाही. तेवढ्यात मागचे एक जाडे गृहस्थ नीट दिसावं म्हणून या बाजूचे त्या बाजूला सरकले आणि बोट कलली. बोटवाला ओरडला, "टोकाच्या आजी, तुम्ही मधे या. ताई, तुम्ही टोकाला जा." मायलेकींनी जागा बदलल्या. समुद्राशी वेगळाच व्यवहार चालू असल्यामुळे शिंप्याला यातलं काही कळलं नाही.

मग बोटवाल्याने इंजिन बंद केलं. शिंप्याने तोंड पुसलं, धीर गोळा केला आणि शेजारचा हात धरला. हात मागे गेला नाही. तीन आठवड्यांतलं हे पहिलं शुभलक्षण होतं. तो कुजबुजायला लागला. निदान त्याला तसं वाटलं. इंजिनामुळे त्याचे कान अजून भणभणत होते आणि तो चांगला खड्या आवाजात बोलत होता.

"चुकलो मी. घरी चल. तुझ्याशिवाय घर खायला उठतं. सकाळी चहा दोघांचा करतो आणि दोन्ही कप मीच पितो. परवा वकीलसाहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. असंच चाललं तर दुकान बुडेल आणि मीही."

हात हातातच राहिला. शिंप्याला जोर चढला.

"खरं सांगू? तुझं कापड मी कापून ठेवलं होतं. पण तुझ्या आईचा ड्रेस तीनदा उसवावा लागला. दर खेपेला कमरेत होईना. त्या म्हणायच्या शिलाई चुकली, मी म्हणायचो कापड आखडलं. कापड कुठलं आखडतंय, त्या सुटल्यात. पण लग्नघरात सासूला हे सांगायचं कुणी? शेवटची रात्र त्यातच गेली आणि तुझा ड्रेस राहिला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. शिंप्याने सवयीने हातातल्या मनगटाभोवती बोटं फिरवली. शिंप्याच्या बोटांना सुट्टी नसते. हे मनगट बायकोचं नव्हतं. पण ओळखीचं होतं. अलीकडेच तीनदा बाहीसाठी मापलेलं. नेमकं तेव्हाच बोटवाल्याने वल्हं फिरवलं, पाणी निळंशार उजळलं, आणि त्या उजेडात वीतभर अंतरावर सासूबाईंचा चेहरा दिसला.

"मंडळी, पाणी बघा, पाणी," बोटवाला म्हणाला.

"थांबा हो जरा," जाडे गृहस्थ म्हणाले. "लग्नात त्यांना ड्रेस बसला का शेवटी?"

"बसला," सासूबाई म्हणाल्या. "फक्त श्वास घेता येत नव्हता."

टोकावरून बायकोचा आवाज आला. "आई, ड्रेस तीनदा उसवला हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी मला सांगत होतीस की हा माणूस निष्काळजी आहे?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"आणि तुम्ही हो?" बायकोने मोर्चा शिंप्याकडे वळवला. "एवढं सगळं ऐकून घेतलंत, ब्र काढला नाहीत?"

"तुझ्या आईची लाज राखायची होती," शिंपी म्हणाला.

"छान राखलीत. अख्ख्या बोटीला कळलं," म्हणत ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. हे हसणं आपल्या घरातून कायमचं गेलं अशी त्याची खात्री झाली होती. त्याला रडूच आलं. काळोख असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. चमकतं पाणी त्या रात्री फक्त बोटवाल्याने पाहिलं.

धक्क्यावर उतरल्यावर बायको म्हणाली, "चला, घरी जाऊ." शिंपी आनंदाने टॅक्सीकडे धावला. पुढच्या सीटवर सासूबाई आधीच पट्टा लावून बसल्या होत्या.

"आई, तुमचं घर उलट्या बाजूला आहे," शिंपी चाचरत म्हणाला.

"ठाऊक आहे. माझे कपडे मुलगा उद्या आणून देईल."

"म्हणजे?"

"जावईबापू, लग्न झाल्यापासून तो पोरगा मला बस म्हणत नाही. आणि तुम्ही भर समुद्रात माझा हात धरून घरी चल म्हणालात. इतक्या मनापासून मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. मी नाही कशी म्हणू?"