हौसाच्या शेजारची जागा

भोकरवाडी हायस्कुलात नववीच्या वर्गात इरा शेलार ज्या बाकावर बसे, तिथे १९९० साल असे. बाक बदलून पाहिला, तर साल तिच्या पाठोपाठ गेलं. बाकीचा वर्ग चालू वर्षाचं शिके आणि इरा तेवढी जुन्या फळ्यावरचा सोव्हिएत संघाचा नकाशा उतरवून घेई. पहिल्या चाचणीत तिला भूगोलात भोपळा मिळाला.

मुख्याध्यापक कोरे सरांनी तिची आई वैजयंता हिला बोलावून घेतलं. विशेष शिक्षिका मुजावर मॅडमही बसल्या होत्या.

"जिल्ह्याला वेगळी शाळा आहे," कोरे सर म्हणाले. "तिथं अशा मुलांची सोय होईल."

"तिथंही ती १९९० मध्येच बसेल," वैजयंता म्हणाली. "आणि याच शाळेत शिकायचा तिला हक्क आहे ना?"

"आहे," मुजावर मॅडम म्हणाल्या. "मी बाकाच्या टोकाला बसून तिला चालू वर्षाचं शिकवीन. तुम्हालाही वर्ग बघायचा हक्क आहे. बघून या."

वैजयंता इराला टोकाला सरकवून तिच्या जागेवर बसली. शाईचा वास आला. वैजयंताच्या वेळच्या गुर्जर बाई कविता शिकवत होत्या. खिडकीबाहेर, मागेच तोडलेलं चिंचेचं झाड जागच्या जागी होतं. आणि शेजारी हौसा भालेकर बसली होती.

१९९० साली वैजयंता याच शाळेत नववीला असताना दोघी एका बाकावर बसायच्या. हौसाला अक्षरं उलटीपालटी दिसायची. त्याला तेव्हा कुणाकडे नाव नव्हतं. सगळे तिला 'ढ' म्हणून मोकळे व्हायचे. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही.

"वैजे, किती जाड झालीस गं," हौसा कुजबुजली. "होतीस कुठं इतके दिवस? ती पोरगी चांगली आहे, पण चिंचा खात नाही."

तिने पुढे केलेलं चिंचेचं बुटूक वैजयंताने तोंडात टाकलं. डोळ्यांत पाणी आलं. ते आंबटपणाने आलं असं तिने हौसाला सांगितलं.

मग ती सरळ ऑफिसात गेली. "शेजारच्या मुलीलाही मॅडमची गरज आहे."

"ती आपल्या पटावर नाही," कोरे सर म्हणाले.

"१९९० च्या आहे. तिथं अजून गणपतीच चाललेत. तिचं नाव कमी व्हायला अवकाश आहे."

कोरे सरांनी विचार केला. त्यात चूक काढता येईना.

"मात्र पालकांची संमती लागेल," मुजावर मॅडम म्हणाल्या.

हौसाच्या हाती निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी तिची आई १९९० च्या त्या वर्गात आली. भाजीची पाटी खाली ठेवून ती बाकाच्या कडेला टेकली.

"माझ्या पोरीला ढ म्हणून येगळं बसवणार व्हय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "इथंच बसेल, मैत्रिणीशेजारी."

"आन् उद्या मला नको वाटलं तर?"

"तर सांगायचं. आम्ही थांबवू. तो तुमचा हक्क आहे."

असं हौसाच्या आईला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "शिकवा," ती म्हणाली. "पण बाजाराच्या दिवशी दुपारची मला ती लागती."

"मग त्या दिवशी सकाळी शिकवीन."

त्या दिवसापासून बाकावर तिघी दाटीवाटीने बसू लागल्या. मॅडम एका हाताने इराला आत्ताचा नकाशा दाखवत आणि दुसऱ्या हाताने हौसाचं बोट धरून अक्षरावरून फिरवत. गुर्जर बाईंनी दोनदा चष्मा पुसून पाहिलं आणि कविता पुढे चालू ठेवली.

दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली त्या सकाळी वैजयंता इराबरोबर गेली, पण वर्गाच्या दारातच थबकली. इरा मात्र जाऊन बसली, शेजारी काहीतरी बोलली आणि हसली. मग तिने वळून हाक मारली.

"आई, ये ना. हौसानं अनारसे आणलेत."

वैजयंता बाकाशी गेली. हौसा धड्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचत होती, आणि ओळ संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.