साहेबांच्या झोपेची पहाणी

वामनकाकांच्या व्हरांड्यात दुपारी एक ते चार हसायला मनाई आहे. तशी पाटी नाही, पण पाटीची गरजही नाही. फाटक उघडून आत गेलात आणि तुमच्या ओठांचे कोपरे जरा जरी हलले, तरी काका खुर्चीतूनच बोट वर करतात आणि दबक्या आवाजात सांगतात, "साहेब झोपून राह्यले."

नवा माणूस गोंधळतो. कुणी बडा अधिकारी आतल्या खोलीत आडवा झाला असेल असं समजून चपला हळूच काढतो. मग त्याचं लक्ष काकांच्या पायाशी जातं. तिथे तांबूस रंगाचा, एक कान अर्धा तुटलेला गावठी कुत्रा फरशीवर पसरलेला असतो आणि त्याचा मागचा उजवा पाय झोपेत सायकल चालवत असतो. हसू नेमकं इथेच येतं.

मी आदिलाबादला काकांच्या समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर राहते. जैनथच्या शाळेत मराठी शिकवते. माझी गॅलरी आणि त्यांचा व्हरांडा यांच्यामध्ये एक अरुंद रस्ता आणि एक कडुलिंब एवढंच अंतर आहे. मला माणसांच्या नकला करायची खोड आहे. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या नकलांवाचून डबे उघडत नाहीत, असं मी म्हणते, बाकीचे म्हणत नाहीत. काकांसारखा माणूस समोर राहायला असणं म्हणजे माझी चंगळच होती.

काका महसूल खात्यातून गिरदावर म्हणून निवृत्त झाले. नेरडीगोंडा, इंद्रवेल्ली, कुठे कुठे नोकरी झाली. गावोगाव फिरायचं, कुणाच्या शेतात काय पेरलंय ते डोळ्यांनी पाहायचं आणि रजिस्टरात लिहायचं, ही पहाणी. नोकरी संपली, पण तिचे शब्द तोंडातून गेले नाहीत. भाजीवाली भाव कमी करायला तयार झाली नाही की काका म्हणणार, "माही दरखास्त नामंजूर झाली म्हना." आणि कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच सवाल, "जागेवर जाऊन पाह्यलं का?" मी एकदा गॅलरीतून ओरडले, "काका, गावात पाऊस पडतोय म्हणे." लगेच उत्तर आलं, "जागेवर जाऊन पाह्यला का?"

त्यांच्या लेखी जगात एकच पाप होतं, घरबसल्या पहाणी लिहिणं. त्यांच्या एका जोडीदाराने म्हणे घरी पलंगावर बसून एका शेतात कापूस लिहिला. वरचे अधिकारी तपासणीला गेले, तर त्या शेतात विहीर खणलेली. "विहिरीत कापूस," काका हे दर महिन्याला एकदा सांगायचे आणि दर वेळी तितकेच चिडायचे.

कुत्र्याचं नाव साहेब का, तर त्यांचं म्हणणं असं की, "तीस वर्सं साहेब लोकायच्या झोपा सांभाळल्या. आता हात रिकामा राह्यला तर करमत नाई." मंदाकाकू गेल्या त्याच्या पुढच्या महिन्यात हे पिल्लू व्हरांड्यात येऊन बसलं आणि मग उठलंच नाही. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच उरले, काका आणि साहेब.

साहेबांना झोपेत फार कामं असत. पळणं, बंद तोंडाने भुंकणं, शेपटी फरशीवर आपटणं, मध्येच लहान मुलासारखं कण्हणं. काकांनी या सगळ्याची पहाणी ठेवली होती. खरंखुरं लांब रजिस्टर, हाताने आखलेले रकाने. वेळ, कोणता पाय, किती वेळा, तोंडाचा आवाज, अंदाज, शेरा, वर्ग. मी एकदा चोरून वाचलं. 'दुपारी २.१०. मागचा उजवा पाय, चौदा वेळा. भुंकणे तोंडातल्या तोंडात. अंदाज : ससा. शेरा : ससा सुटला.' दुसऱ्या दिवशी, 'अंदाज : तोच ससा.'

शेवटच्या रकान्यात वर्ग लिहिलेला असे. पूर्वी कोरडवाहू जमिनीला खुष्की आणि पाण्याखालच्या जमिनीला तरी म्हणत. काकांनी साहेबांच्या स्वप्नांची तीच वाटणी केली होती. पळापळीचं स्वप्न खुष्की, कण्हण्या-रडण्याचं स्वप्न तरी. हे मी स्टाफरूममध्ये काकांच्या आवाजात सांगितलं, तेव्हा पीटीचे सर खुर्चीवरून पडायचे राहिले.

मग तो रविवार आला. यवतमाळहून माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलं आली होती. जेवणं झाल्यावर मी त्यांना हौसेने समोर नेलं, जणू गावातलं एक प्रेक्षणीय स्थळ. काका आत चहा ठेवायला गेले होते. फाटकाशी उभं राहून आम्ही पाहतो तर साहेबांचा दौरा ऐन भरात होता. चारही पाय एकदम चालू, मान मागे, दात कटकट वाजताहेत. मुलं खिदळायला लागली. मीही. मोबाइल काढला आणि शूटिंग केलं. मग साहेब उठले, दोन पावलं चालले आणि थेट तुळशीच्या कुंडीवर जाऊन आदळले. तेव्हा तर वहिनीला ठसका लागला. संध्याकाळी मी तो व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'साहेबांचा तातडीचा दौरा'. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

व्हिडिओची बातमी कुणीतरी काकांच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या दारात. इस्त्रीचा सदरा, हातात घडी केलेला कागद.

"मास्तरीनबाई, दरखास्त हाय."

कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'श्वान नामे साहेब हा मौजे व्हरांडा येथे गाढ झोपेत असता, त्याच्या इज्जतीस बाध येईल असे चित्रण समोरील मास्तरीणबाईंकडून करण्यात आले. श्वानास बोलता येत नसल्याने ही दरखास्त त्याचे वतीने. सबब सदर चित्रण मागे घेण्यात यावे.' खाली काकांची सही आणि बाजूला शाईत बुडवलेल्या पंजाचा ठसा.

ठसा पाहून मला हसू आवरेना. काकांनी सदऱ्याची बाही सारखी केली. माझं हसू मग आपोआप ओशाळलं.

"काका, कुत्र्याला काय कळतं? त्याला थोडंच वाईट वाटलं?"

"त्याले कळत नाई म्हनूनच तं मी आलो. कळलं असतं तं त्यानं पाहून घेतलं असतं तुमाले."

"अहो पण हे प्रेमाचं हसणं आहे. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते म्हणतो आणि आपणही हसतोच ना?"

"बाळ हासते तवा हासा ना, कोन नाई म्हनते? बाळ झोपीत रडते, तवा हासता का?"

"पण साहेब रडत नव्हते. पळत होते. खुष्की होतं ते."

"जागेवर जाऊन पाह्यलं का?"

"पाहिलं म्हणजे काय, शूटिंगच आहे."

"मंग दाखवा. पुरावा पाह्यल्याबगर दरखास्तीची मिसल बंद करता येत नाई."

मी व्हिडिओ लावून दिला. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन ते कधीपासून पुढे ढकलत होते. मोबाइल नाकाला लावून त्यांनी एकदा पाहिलं. परत पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी पडद्यावर साहेबांच्या तोंडाशी बोट नेलं.

"हा फेस हाय का तोंडाले?"

मी वाकून पाहिलं. फेस होता. पाय पळत नव्हते, ताठ होऊन झटके देत होते. मी हे सगळं चार पावलांवरून शूट केलं होतं आणि मला ते आत्ता दिसत होतं.

"मी चाय घेऊन आलो तं फरशी ओली होती," काका म्हणाले. "मले वाटलं पानी सांडलं. तसंच लिवलं म्या, पानी सांडलं."

मी तिथेच, त्यांच्यासमोर, ग्रुपवरून व्हिडिओ काढला. माझ्या मोबाइलमधूनही पुसायला निघाले तर काका म्हणाले, "तेवढा राहू द्या. डाक्टरले दाखवू."

सकाळी मी शाळेतून सुटी घेतली. ऑटोत काका, त्यांच्या मांडीवर साहेब, आणि मी. जनावरांच्या दवाखान्यात तरुण तेलुगू डॉक्टर होते. त्यांनी कार्ड पुढे ओढून हिंदीत विचारलं, "नाम?"

"साहेब," काका म्हणाले.

"मेरा नहीं, कुत्ते का."

एरवी या एका वाक्यावर मी महिनाभर जगले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

डॉक्टरांनी व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला. त्या लहानशा खोलीत आमचं हसणं घुमलं. मुलांचं, वहिनीचं, आणि सगळ्यांच्या वर माझं. पडद्यावर साहेब ताठ होऊन झटके देत होते आणि मी हसत होते, थांबायचं नावच घेत नव्हते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. काकांनी हात पुढे केला आणि चाचपडत आवाज बारीक केला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. स्वप्नात कुत्रा पळतो, कुंईकुंई करतो, ते ठीक. नावाने हाक मारली की तो जागा होतो. हे स्वप्न नाही, ही फीट आहे. हाक मारून जागा होत नाही, नंतर थोडा वेळ त्याला काही सुधरत नाही. अशा वेळी तोंडाशी हात नेऊ नका, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, किती वेळ चाललं ते लिहून ठेवा. सकाळ-संध्याकाळ गोळी दिली, चुकवायची नाही म्हणून बजावलं. व्हिडिओ होता म्हणून कळलं, असंही म्हणाले. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

गोळ्या मिळेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. साहेब काकांच्या पायावर डोकं ठेवून पडले होते.

"काका, चुकलं माझं."

त्यांनी साहेबांच्या तुटक्या कानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मंदा झोपीत बोले. 'या ना वो, या ना', असं. आन् पाय झाडे. मी ते कचेरीत सांगो. तिचा आवाज काढून सांगो. सारे हासत. मी कचेरीत पाय ठेवला का चपराशीबी म्हने, गिरदावर साहेब, बोलावनं आलं तुमाले."

मी मान खाली घातली. नकला करणाऱ्याला दुसऱ्याची नक्कल लगेच डोळ्यांपुढे दिसते.

"एक दिवस जोडीदार घरी आला चायले. तिच्यासमोरच म्हने, वहिनी, कोनाले बोलावता वो रातच्याले? ती बी हासली. मंग तिनं बिस्तरा सयपाकघरात नेला. म्हने, तुमची झोप मोडते. आठ वर्सं ती तिथं झोपली. आन् तिथंच गेली, झोपीत. सकाळी चाय काऊन नाई आला म्हनून मी पाहाले गेलो."

साहेबांनी डोकं उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

"काय होत होतं तिले, सपन पडे का असंच काही होतं, मले मालूम नाई. कोनाले इचारलं नाई. विहिरीत कापूस लिवनाराले मी शिव्या देतो. बाजूच्या खोलीतली पहानी आठ वर्सं म्या पलंगावर बसून केली."

 मी विचारलं, "म्हणून हसायला मनाई?"

"हासनं गुन्हा नाई," काका म्हणाले. "हासलं का मानूस पाहनं सोडते. तो गुन्हा."

गोळ्या लागू पडल्या. झटके पूर्ण गेले नाहीत, पण फार क्वचित येतात. काकांनी दोन महिन्यांच्या आत मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, पहाणीला नजर पाहिजे म्हणून. रजिस्टरात एक नवा रकाना आला, 'हाक दिली असता'. त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, 'ओ दिली'. मी नकला सोडल्या असं म्हणणार नाही, खोड जात नाही. पण कुणाची नक्कल सुचली की आधी त्या माणसाकडे एकदा नीट पाहून घेते. पुष्कळदा मग नक्कल राहून जाते.

परवाच्या रविवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. समोर नेहमीचं चित्र उलटं झालेलं दिसलं. साहेब जागे होते आणि काका खुर्चीत झोपले होते. मान एका बाजूला, चष्मा घसरलेला, उजवा हात मांडीवर काहीतरी लिहीत असल्यासारखा हलत होता. साहेब त्यांच्यासमोर बसून एकटक तोंडाकडे पाहत होते. मोबाइल माझ्याजवळच होता. मी तो तिथेच ठेवला, खाली गेले, रस्ता ओलांडला आणि आवाज न करता फाटक उघडलं.

जवळ गेल्यावर काकांचे ओठ हलताना दिसले. झोपेत ते पुटपुटत होते, "आलो... आलो, मंदा. आलो."

मी पायरीवर बसले. रजिस्टर खुर्चीखाली होतं, ते उघडून लिहिलं. वेळ ३.०५. उजवा हात. तोंडाचा आवाज : 'आलो'. अंदाजाचा रकाना कोरा सोडला. वर्ग : तरी. मग हळूच हाक मारली, "काका."

ते दचकून जागे झाले. चष्मा सारखा केला, माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं, नोंद वाचली. साहेबांच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

"कोनी हासलं?"

"नाही."

"जागेवर येऊन लिवलं?"

"जागेवर येऊन लिहिलं, काका."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. 'हाक दिली असता' हा रकाना मी विसरले होते. त्यांनी तिथे 'ओ दिली' असं लिहिलं आणि खाली सही केली.